घरच्या घरी ब्रेक पाइप: नळी निवडण्यापासून फ्लेअर मारून हवा काढेपर्यंत

मराठवाड्यातल्या गाड्यांचे ब्रेक पाइप कोकणातल्यासारखे खाऱ्या हवेने सडत नाहीत. इथे त्यांना खाते ती काळी माती. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी गेली की चिखल चेसिसच्या आतल्या अंगाला, मागच्या ॲक्सलवर आणि पाइप धरणाऱ्या क्लिपांमागे थापला जातो. वरचा थर दिवाळीआधीच वाळतो, पण क्लिपमागची ओल कितीतरी दिवस हटत नाही. त्यात युरियाची पोती वाहिली असतील किंवा गुरं बाजाराला नेली असतील, तर खताचं पाणी आणि मूत त्याच चिखलात जिरतं. पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि नेमका क्लिपखाली कुजतो.

म्हणून तपासणी क्लिप उघडून करायची. टॉर्च, तारेचा ब्रश आणि जुनं कापड एवढं पुरतं. रंग फुगलाय, गंजाचे पापुद्रे निघतायत, नखाला खड्डे लागतायत, यातलं काहीही आढळलं तर पाइप बदलायचा. ओलसर डाग दिसला तर गाडी जागेवरून हलवायची नाही. टायरात हवा असते दोन-सव्वादोन बारची. जोरात ब्रेक दाबल्यावर या बारक्या नळीत ७० ते १०० बारपर्यंत दाब चढतो. आताच्या गाड्यांत ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक फुटलं तर अर्धे ब्रेक उरतात. काही जुन्या जीपांना एकच सर्किट आहे. त्यांची नळी कन्नडच्या घाटात उतरताना फुटली तर हाती फक्त हँडब्रेक आणि गिअर.

घरी बनवायचा की विकत घ्यायचा?

तुमच्या मॉडेलचा तयार पाइप मिळत असेल तर तो घ्या आणि पुढचं फक्त बसवण्यापुरतं वाचा. घरी बनवायची वेळ येते ती जुन्या जीपसाठी, उत्पादन बंद झालेल्या गाडीसाठी, किंवा दुकानदार “मागवतो, बघू” म्हणत महिना घालवतो तेव्हा. दुसरं, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांत ते आहेच. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. अशा गाडीचा युनिटला जोडलेला पाइप घरी खोलू नका.

पैसे वाचवायचे तीन प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतात आणि तिन्ही टाळायचे. फुटक्या जागी गॅस वेल्डिंगचा टाका. मधला तुकडा कापून रबरी नळी आणि दोन क्लिपा. आणि फ्रीज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी. हा तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण तांबं मऊ, हवं तसं वळतं, फ्लेअर, म्हणजे नळीचं फुलवलेलं टोक, देखणा येतो आणि पहिल्या दिवशी ब्रेकही छान लागतात. पण शुद्ध तांबं सततच्या थरथरीने कडक होत जातं आणि फ्लेअरच्या मानेपाशी तडकतं.

नळी कोणती

दोनच पर्याय धरा. पहिला, ब्रेकसाठीच बनवलेली, वर गंजरोधक लेप असलेली दुहेरी भिंतीची पोलादी नळी. गाडीसोबत येते ती बहुधा हीच. दुसरा, क्युप्रोनिकेल, म्हणजे तांबं आणि साधारण दहा टक्के निकेल. व्होल्व्होने १९७० च्या दशकातच आपल्या गाड्यांत ही वापरायला घेतली. ती गंजत नाही, हाताने वळते आणि साध्या किटवरही नीट फुलते. मोंढ्यातल्या किंवा स्टँडमागच्या स्पेअरच्या दुकानात पोलादी नळी मिळून जाईल, क्युप्रोनिकेल बहुधा ऑनलाइन मागवावी लागेल. पहिल्यांदाच करणाऱ्याने तीच मागवावी असं माझं स्पष्ट मत आहे. थोडे पैसे जास्त जातील, पण वाया जाणारे तुकडे कमी होतील. तिचा रंग तांब्यापेक्षा फिका, करडेपणाकडे झुकणारा असतो. चुंबक तांब्याला आणि क्युप्रोनिकेललाही चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा इथे कामाची नाही. वेष्टनावर ब्रेक नळी असं छापलेलं असेल तरच घ्या. स्टेनलेसच्या नादी लागू नका, साध्या किटवर ती फुलत नाही.

बाहेरचा व्यास बहुतेक मोटारींत ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच. तरी व्हर्नियर लावून खात्री करा. काही गाड्यांत ६ मिलिमीटर किंवा पाव इंचाची नळीही असते.

फ्लेअरची आणि आट्यांची जात

खरेदीला जाण्याआधी जुन्या पाइपाचं टोक धुऊन उजेडात बघा. टोक आतून नरसाळ्यासारखं उघडं आणि कड दुहेरी असेल तर तो डबल फ्लेअर, ४५ अंशांचा. जपानी वळणाच्या गाड्यांत, म्हणजे मारुती-सुझुकीत, हा दिसतो. टोक गोलसर फुगीर आणि मागची बाजू सपाट असेल तर तो बबल फ्लेअर. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या युरोपीय गाड्यांत तो असतो. पाइप मूळचा आहे की आधी कुणी बदललाय याची शंका असेल तर ज्या छिद्रात तो बसतो त्यात टॉर्च मारा. तळाशी मधोमध वर आलेला सुळका दिसला तर डबल, आत उतरता खळगा दिसला तर बबल. एकाचा फ्लेअर दुसऱ्याच्या जागी दाबून बसवला तर कदाचित लगेच गळणारही नाही, पण त्याच्या भरवशावर घाट उतरता येत नाही.

नटाचे आटे हा आणखी नाजूक मामला. ४.७५ च्या नळीवर सगळ्यांत जास्त दिसतो तो एम १० बाय १ चा नट, म्हणजे व्यास दहा मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. जुन्या जीपांवर इंची आटे सापडतात, ३/८ इंच आणि इंचाला २४ आटे. हे दोन नट हातात घेतले तर सारखेच वाटतात. इंचीचा व्यास जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने कमी असतो, म्हणून तो दहाच्या छिद्रात सहज फिरत जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि पूर्ण दाब आला की आटे सोडून बाहेर येतो. थ्रेड गेज लावा. नसेल तर जुना नट दुकानात घेऊन जा आणि त्याच्या शेजारी नवा धरून आटे एकमेकांत बसवून बघा. शिवाय डबल फ्लेअरचा नट आणि बबल फ्लेअरचा नट टोकाशी वेगळे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

हत्यारं

नळी कापायचा छोटा कटर, बारीक कानस, नळीची आतली कड साफ करायचा रीमर, नळी वाकवायचा बेंडर, फ्लेअर नटाचा पाना आणि फ्लेअरिंग किट. फ्लेअर नटाचा पाना दिसायला रिंग पान्यासारखा, फक्त नळी आत सरकवायला एक फट ठेवलेला. साध्या फिक्स पान्याने हे नट गोल होतात.

किट घेताना पेटीत निरनिराळ्या मापांच्या डाय, म्हणजे मधोमध खुंटी असलेल्या चकत्या, आहेत ना ते पाहा. एसी मिस्त्रीच्या किटमध्ये नुसता बार, म्हणजे नळी पकडायची छिद्रांची पट्टी, आणि शंकू असतो. त्याने एकेरी फ्लेअर होतो आणि ब्रेकच्या दाबाला एकेरी फ्लेअर फाटतो. बबल फ्लेअर हवा असेल तर त्याची स्वतंत्र डाय लागते. डबल फ्लेअरची पहिली पायरी करून थांबलं की बबल झाला असं काही मिस्त्री सांगतात. आकार जवळपास तसा येतो, पण मागची बाजू सपाट येत नाही आणि नट तिथे नीट टेकत नाही.

जुना पाइप काढताना

आदल्या दिवशी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. शेतात किंवा अंगणात काळ्या मातीवर काम असेल तर जॅक आणि स्टँडखाली बाभळीची जाड फळी टाका. शहाबादी फरशी टाकायचा मोह होतो, पण ती एका ठिकाणी वजन आलं की तडकते.

पाइप कुठून कसा गेलाय त्याचे फोटो काढा. नट अडकलाच तर नळी नटालगत कापून टाका आणि सहा कोनी सॉकेट लावून नट काढा. मात्र बाकीचा जुना पाइप शक्य तेवढा अखंड काढा, तो तुमचा नमुना आहे. मोकळी झालेली छिद्रं लगेच रबरी टोपीने बंद करा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उठतो. पाण्यात ते विरघळतं, म्हणून तांब्याभर पाणी ओतून लगेच धुवा. चष्मा घालून काम करा, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

कापणं आणि टोक तयार करणं

इथे घाई करणाऱ्याचाच फ्लेअर बिघडतो. वाकडे, तडकलेले, गळणारे फ्लेअर बघितले तर बहुतेकांचं मूळ बारमध्ये सापडत नाही, त्याआधीच्या दोन मिनिटांत सापडतं.

जुन्या पाइपाच्या कडेने मऊ विजेची तार वळणावळणाने लावत न्या, ती सरळ करून मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर वाढवा. गुंडाळीतून नळी सोडवताना ती ओढू नका. एक टोक फरशीवर तळहाताने दाबून गुंडाळी पुढे उलगडत न्या, नळी सरळ पडते.

कटर लावून चाक नळीला जेमतेम टेकवा, एक फेरा फिरवा, मग मूठ किंचित आवळा, पुन्हा फेरा. एकदम आवळलं तर नळी चेपते आणि तोंड आत वळतं. हॅकसॉ वापरू नका. काप तिरपा येतो आणि किस आत जातो.

कापलेलं तोंड नखाने चाचपा. कटरने आतल्या बाजूला एक बारीक ओठ तयार केलेला असतो. वाळूजला किंवा चिकलठाण्याला टर्नर-फिटर म्हणून राबलेल्याला हा ओठ, म्हणजे बर, काढायला सांगावं लागत नाही, पण घरी करणारा नेमकं हेच विसरतो. नळीचं तोंड खाली धरा, म्हणजे किस बाहेर पडेल, आणि रीमर हाताने फिरवून ओठ पूर्ण काढा. मग तोंड कानशीवर सपाट घासा. गुण्यात आहे का ते छोट्या काटकोनाला लावून बघा. बाहेरची कड कानशीने अगदी हलकी उतरवा. पोलादी नळी असेल तर टोकाचा लेप साधारण सेंटिमीटरभर खरवडून काढा, नाहीतर तो फ्लेअरमध्ये दुमडला जातो. शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. आतली बर राहिली की ती फ्लेअरच्या दुमडीत सापडते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आता नट घाला. फ्लेअर झाल्यावर नट मागून चढत नाही, आणि दुसऱ्या टोकाला फ्लेअर झालेला असेल तर कुठूनच चढत नाही. दोन्ही नट एकमेकांकडे पाठ करून, आट्यांचं तोंड बाहेर. जुन्या पाइपावर स्प्रिंगचं कवच असेल तर तेही याच वेळी.

डबल फ्लेअर

बारचं योग्य मापाचं छिद्र निवडा. उतरती कड वरच्या बाजूला हवी. नळी वर किती ठेवायची हे डायच ठरवते: डाय उलटी करून बारवर टेकवा, तिचा खांदा जेवढा उंच तेवढंच नळीचं टोक वर. नखाने बघा, दोन्ही एका पातळीत लागले पाहिजेत. बारचा नळीजवळचा नट आधी आवळा, मग लांबचा. पकडीत तेलाचा थेंबही नको, नळी तिथेच घसरते. तेल, म्हणजे ब्रेक ऑइलचाच एक थेंब, फक्त टोकावर आणि शंकूवर.

डायची खुंटी नळीत घाला, वरून योक, म्हणजे स्क्रू आणि शंकूची चौकट, चढवा आणि स्क्रू आवळत न्या, डायचा खांदा बारला टेकेपर्यंत. हाताला स्पष्ट थांबा जाणवतो. स्क्रू मागे घ्या, डाय काढा. नळीचं तोंड आता कडेने फुगून आत वळलेलं दिसेल. ते मधोमध नसेल, एका बाजूला कललं असेल, तर पुढे जाऊ नका. कापा आणि पुन्हा सुरू करा. जास्तीचे दोन-तीन सेंटिमीटर त्यासाठीच ठेवले आहेत.

मधोमध असेल तर आता डायशिवाय शंकू थेट त्या तोंडात उतरवा. साडीला फॉल लावताना कड आत दुमडून टीप घालतात, तशी नळीची भिंत आत वळून दुहेरी होते. शंकू टेकल्यावर थोडा दाब द्या आणि थांबा. आवळत राहिलात तर भिंत पातळ होते.

बार सोडा आणि टोक बघा, डोळ्याने नव्हे तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून. आतला पृष्ठभाग गुळगुळीत, कड सगळीकडे सारख्या जाडीची, कुठे केसाएवढीही रेघ नको. नट सरकवून फ्लेअरवर टेकवा आणि नळी फिरवा; फ्लेअर डुगडुगला तर तो वाकडा आहे. मानेवर बारच्या दातांचा खोल ओरखडा असेल तरी तो तुकडा बाद. पहिले काही फ्लेअर टाकाऊ तुकड्यांवर मारा आणि त्यातला एक उभा चिरून आतली दुमड बघा. ते बघितल्यावर हाताला किती दाब द्यायचा ते आपोआप कळतं.

वाकवणं आणि बसवणं

एका टोकाचा फ्लेअर झाला की नळी जुन्या पाइपाशेजारी ठेवून वाकवत चला. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नको, म्हणजे ४.७५ च्या नळीला साधारण दीड सेंटिमीटर. बेंडर नसेल तर क्युप्रोनिकेल जाड सॉकेटभोवती अंगठ्याने वळते. पोलादी नळी अशी वळवायला गेलात तर ती चपटी होते. दोन्ही टोकांना चार-पाच सेंटिमीटर सरळ ठेवा, नाहीतर दुसरं टोक बारमध्ये बसणारच नाही. मास्टर सिलेंडरपाशी, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलेंडरपाशी, जुन्या पाइपाला वेटोळं असेल तर नव्यालाही ठेवा. ते इंजिनाची थरथर खातं, उरलेली नळी लपवण्यासाठी केलेलं नसतं.

दुसरा फ्लेअर मारून झाला की आतून दाबाची हवा सोडा, मग थोडं स्पिरिट, पुन्हा हवा. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. त्याचा अंश आत राहिला तर ब्रेकची रबरं फुगतात, मग मास्टर सिलेंडरपासून सगळंच बदलावं लागतं.

पाइप जुन्याच वाटेने न्या, सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या ॲक्सलपासून लांब. नट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरपे लागलेत. टेफ्लॉन टेप लावायची नाही. इथे दाब धातूवर धातू बसूनच थोपवला जातो, टेपचे तुकडे फक्त आत जाऊन अडथळा करतात. रबरी होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून मगच नट आवळा, नाहीतर होज पिळला जातो. एकदा आवळा, थोडा सैल करा, पुन्हा आवळा. फ्लेअर सीटवर, म्हणजे छिद्रातल्या टेकायच्या जागेवर, नीट बसतो. एम १० बाय १ च्या नटाला साधारण १२ ते १६ न्यूटन मीटर पुरतात, पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. सगळ्या क्लिपा परत लावा. सुटा लोंबणारा पाइप थरथरीने मोडतो.

हवा काढणं

झाकणावर जे लिहिलं असेल तेच ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि डबा सीलबंद. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, हवेतली ओल शोषून घेतल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. मागच्या पावसाळ्यातला अर्धा डबा म्हणूनच कामाचा नाही.

मास्टर सिलेंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. चाकाच्या ब्रेकवर हवा काढायला जे निप्पल असतं त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडलवर एक माणूस लागतो, आणि त्याला एकच गोष्ट पक्की समजावायची: निप्पल बंद होईपर्यंत पाय उचलायचा नाही.

“दाब.”
“दाबलं, मामा. खाली गेलं. सोडू का?”
“थांब! निप्पल आवळू दे… हां, आता सोड.”

त्याने आधी सोडलं तर बाहेरची हवा परत आत. जुन्या गाडीत पेडल तळाला टेकू देऊ नका. खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरचा जो भाग एरवी वापरात नसतो तिथे गंज साचलेला असतो आणि त्यावरून रबर गेलं की ते फाटतं. टाकीतली पातळी सतत बघत राहा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

परीक्षा

पेडल कडक लागू लागलं की इंजिन चालू करून ते जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलेंडर गेलाय. पेडल दाबलेलं असतानाच दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवावा. बोटाला न कळणारी ओल कागदावर डाग पाडते. गळत असेल तर नट एकदा थोडा आवळून बघा. तरी थांबलं नाही तर पाइप काढा आणि फ्लेअर पुन्हा मारा. जोर लावून नट पिळत राहिलात तर सीट खराब होते, आणि मग साध्या पाइपासाठी अख्खा सिलेंडर बदलायची पाळी येते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा कागद फिरवा. मग आधी हँडब्रेक तपासा, आणि मोकळ्या मैदानात पायी चालण्याच्या वेगाने दोन-चारदा ब्रेक लावून बघा. त्यानंतर थोडा वेग, त्यानंतर रस्ता. घाट किंवा भरलेली ट्रॉली आठवडाभर नको. आठवड्याने पुन्हा खाली जाऊन जोड बघा. कोरडे असतील तर पाना लावू नका.

निघालेलं जुनं ब्रेक ऑइल वेगळ्या बाटलीत भरून गॅरेजवाल्याकडे द्या, विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नका. उरलेल्या नळीच्या दोन्ही तोंडांना टेप लावूनच ती खुंटीला टांगा. उघडी ठेवली तर कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर बांधते, आणि पुढच्या वेळी कापायला घेईपर्यंत ते कळतही नाही.